धर्म, आत्महत्या आणि आकडे

‘मुसलमानांमध्ये आत्महत्या फारशा होत नाहीत, कारण त्यांच्या धर्मात ती निषिद्ध आहे.’ हे विधान शिक्षकांच्या खोलीत, लोकलच्या डब्यात आणि कधीकधी वर्गातही ऐकू येते. कुणी ते कौतुकाने म्हणतो, कुणी नुसतीच माहिती म्हणून सांगतो. विधान वरवर पाहता बरोबरही वाटते, कारण त्याला आकड्यांचा आधार आहे. पण आकडा आला म्हणजे कारणही कळले असे होत नाही. हा आकडा नेमका कुठून येतो, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे या लेखात पाहू. प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. ‘त्यांच्यात हे नसते’ असे मानणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात एखादा मुस्लिम मुलगा किंवा मुलगी निराशेत बुडत असेल, तर त्याची दखल घेतली जाण्याची शक्यता कमी होते.

आकडा काय आहे?

भारतातील आत्महत्यांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी प्रसिद्ध करतो. त्याच्या वार्षिक अहवालात वय, लिंग, व्यवसाय, शिक्षण असे तक्ते असतात, धर्माचा तक्ता नसतो. २०१४ सालासाठी मात्र धर्माची माहिती गोळा केली गेली होती. ती अहवालात छापली गेली नाही. पुढे माहितीच्या अधिकाराखाली ती मिळवून वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली. त्यानुसार दर लाख लोकसंख्येमागे आत्महत्यांचे प्रमाण असे होते : ख्रिस्ती १७.४, हिंदू ११.३, मुस्लिम ७ आणि शीख ४.१. संपूर्ण देशाचे प्रमाण होते १०.६.

हाच आकडा दुसऱ्या रीतीनेही मांडता येतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत मुस्लिमांचा वाटा १४.२ टक्के आहे. २०१४ च्या आत्महत्यांमध्ये त्यांचा वाटा ९.२ टक्के होता. ९.२ ला १४.२ ने भागून १०.६ ने गुणले की उत्तर सुमारे ७ येते. विद्यार्थ्यांना हा हिशोब करायला द्यावा. ‘प्रमाण’ म्हणजे काय, हे त्यातून चांगले कळते.

ठाकुर्लीत मोजून पाहिले तर?

काही जण म्हणतील, देशाचे आकडे कशाला, आपल्या आसपास काय दिसते ते पाहू. मध्य रेल्वेवर डोंबिवली आणि कल्याण यांच्या मध्ये असलेल्या ठाकुर्लीचे उदाहरण घेऊ. एकेकाळी रेल्वेचे चोळा वीजकेंद्र आणि रेल्वे वसाहत यांमुळे ओळखली जाणारी ही वस्ती आज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत आहे. पलीकडे कल्याणची जुनी मुस्लिम वस्ती, त्यापुढे भिवंडीचे यंत्रमाग आणि याच रेल्वेमार्गावर ठाण्याच्या दिशेने मुंब्रा. निरनिराळ्या धर्मांची माणसे इथे एकाच गाडीने कामाला जातात. निरीक्षणासाठी ही जागा उत्तम वाटते.

पण इथे एक अडचण आहे. समजा, एखाद्या भागात एका धर्माचे १०,००० लोक राहतात आणि त्यांच्यातील आत्महत्यांचे प्रमाण लाखामागे ११ आहे. मग तिथे वर्षाला सरासरी एकच घटना घडेल. सरासरी एक असली तरी प्रत्येक वर्षी नेमकी एक घडते असे नाही. संभाव्यतेच्या नियमानुसार साधारणपणे दर तीन वर्षांत एक वर्ष असे येईल की त्यात एकही घटना नसेल आणि एखाद्या वर्षी दोन किंवा तीन असतील. ‘आमच्या मोहल्ल्यात दोन वर्षांत एकही नाही’ किंवा ‘त्या वस्तीत एका वर्षात तीन’ या निरीक्षणांवरून त्या धर्माबद्दल काहीही सिद्ध होत नाही. नाणे पाच वेळा उडवून सलग पाच छापे आले म्हणून नाणे खोटे ठरत नाही, तसेच हे आहे. लहान संख्यांवरून मोठे निष्कर्ष काढायचे नाहीत, हा यातला पहिला धडा.

डुर्खाइमचा प्रश्न

धर्म आणि आत्महत्या यांचा संबंध आकडेवारीने तपासण्याचा गाजलेला प्रयत्न फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल डुर्खाइम यांनी केला. त्यांचा ग्रंथ १८९७ साली प्रसिद्ध झाला. आत्महत्या ही अगदी खाजगी, एकट्या माणसाच्या मनातली घटना आहे असे आपण समजतो. डुर्खाइमनी दाखवले की एकेका समाजाचे प्रमाण वर्षानुवर्षे बरेचसे स्थिर राहते. म्हणजे व्यक्तीच्या दुःखाखेरीज समाजाच्या रचनेतही काही कारण असले पाहिजे.

युरोपातील प्रॉटेस्टंट भागांत आत्महत्यांचे प्रमाण कॅथलिक भागांपेक्षा जास्त होते. आता गंमत पाहा. आत्महत्या दोन्ही पंथांना सारखीच निषिद्ध आहे. मग फरक निषेधामुळे पडला असे कसे म्हणायचे? डुर्खाइम म्हणाले, फरक शिकवणुकीत नसून जोडलेपणात आहे. कॅथलिक माणूस सामूहिक विधी, सण आणि चर्चची शिस्त यांनी इतरांशी घट्ट बांधलेला असतो. प्रॉटेस्टंट माणूस त्या मानाने एकटा असतो. माणूस समूहात जितका गुंफलेला, तितका तो सुरक्षित.

इस्लामचा विचार करताना हा मुद्दा उपयोगी पडतो. दिवसातून पाच वेळची नमाज, शुक्रवारी एकत्र जमणे, रमजानमध्ये संध्याकाळी एकत्र रोजा सोडणे, जकातीतून गरजूला मदत, एकत्र कुटुंब या सगळ्या गोष्टी माणसाला माणसाशी बांधतात. अर्थात वारी, भजनी मंडळ, गुरुद्वाऱ्यातील लंगर यांनीही हेच साधते. तेव्हा धर्माने आधार मिळत असेल तर त्यातला मोठा भाग ‘आपण कुणाचे तरी आहोत’ या भावनेतून मिळत असावा.

इस्लाम काय सांगतो?

इस्लाममध्ये आत्महत्या हराम, म्हणजे निषिद्ध, मानली जाते. कुराणाच्या चौथ्या अध्यायातील २९ वी आयत यासाठी आधार म्हणून दाखवली जाते. काही भाष्यकारांच्या मते या आयतीचा रोख एकमेकांची हत्या करू नये याकडे आहे. हदीसमध्ये मात्र निषेध अधिक स्पष्टपणे येतो. जीवन ही ईश्वराने सोपवलेली ठेव आहे आणि ती स्वतःहून परत करण्याचा हक्क माणसाला नाही, अशी त्यामागची भूमिका आहे.

इथे एक गैरसमज मुस्लिम समाजातही आढळतो. आत्महत्या केलेल्या माणसाची जनाज्याची नमाज पढली जात नाही, असे अनेकांना वाटते. एका प्रसंगी खुद्द पैगंबरांनी अशा व्यक्तीची नमाज पढवली नाही असे हदीसमध्ये आले आहे, त्यावरून ही समजूत पसरली असावी. पण धर्मशास्त्र्यांनी त्याचा अर्थ इतरांनीही पढू नये असा घेतलेला नाही. कल्याण-भिवंडी पट्ट्यातील कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे आहेत, तर उत्तरेकडून येऊन यंत्रमागांवर काम करणारे बहुतेक जण हनफी परंपरेचे. दोन्ही परंपरांचे सर्वमान्य मत असे की अशा व्यक्तीला स्नान घालावे, नमाज पढावी आणि मुस्लिम कबरस्तानातच दफन करावे. शिवाय ज्याचे भान हरपले आहे त्याच्यावर धार्मिक जबाबदारी राहत नाही, हे तत्त्व इस्लामी कायद्यात सर्वत्र मान्य आहे. तीव्र मानसिक आजारात माणसाचा निर्णय कितपत त्याचा स्वतःचा असतो, हा प्रश्न या तत्त्वाच्या अगदी जवळचा आहे.

निषेध स्पष्ट आहे, पण गेलेल्या माणसाला समाजाबाहेर टाकण्याची आज्ञा नाही, हा फरक महत्त्वाचा आहे. कारण पुढे आपण पाहणार आहोत की भीती जितकी जास्त, तितकी लपवाछपवी जास्त.

नोंद कशी होते?

एखाद्या मृत्यूवर ‘आत्महत्या’ असा शिक्का कोण मारतो? अनैसर्गिक वाटणारा मृत्यू घडला की पोलीस ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद करतात. पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, नातेवाइकांचे जबाब घेतले जातात आणि मग हा अपघात, घातपात की आत्महत्या हे ठरते. पूर्वी हे काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. रेल्वेच्या हद्दीत हेच काम लोहमार्ग पोलीस करतात. ठाकुर्लीसारख्या ठिकाणी, जिथे रूळ ओलांडताना अपघात होत आले आहेत, तिथे एखाद्या मृत्यूचे कारण ठरवणे किती अवघड असेल याची कल्पना करता येईल.

या सगळ्या प्रक्रियेत घरच्यांच्या जबाबाला वजन असते. घरच्यांना लाज वाटत असेल, बहिणीच्या लग्नाची काळजी असेल, दफनविधीत अडचण येईल अशी भीती असेल, तर ते ‘पाय घसरला’ किंवा ‘चुकून औषध घेतले गेले’ असे सांगतात. ही गोष्ट सर्वच धर्मांत घडते. जिथे कलंक मोठा तिथे ती अधिक घडणार हे उघड आहे.

हा नुसता तर्क नाही. डुर्खाइमच्या सिद्धान्ताचीच अशी तपासणी झाली आहे. १९९६ साली व्हॅन पॉपेल आणि डे या संशोधकांनी नेदरलँड्समधील १९०५ ते १९१० या काळातील मृत्यूंच्या नोंदी धर्मवार तपासल्या. प्रॉटेस्टंटांमध्ये आत्महत्येच्या नोंदी जास्त होत्या, पण कॅथलिकांमध्ये ‘आकस्मिक मृत्यू’ आणि ‘कारण अस्पष्ट’ या रकान्यांतील नोंदी जास्त होत्या. दोन्ही एकत्र धरले की पंथांमधला फरक जवळपास नाहीसा झाला. कॅथलिक कुटुंबांत आत्महत्या कमी होत नव्हत्या, त्या दुसऱ्या रकान्यात जात होत्या.

मुस्लिमबहुल देशांबाबतही असा अभ्यास आहे. २००७ साली प्रिचर्ड आणि अमानुल्ला यांनी अशा १७ देशांची आकडेवारी ब्रिटनशी ताडून पाहिली. अनेक देशांत आत्महत्येचे नोंदलेले प्रमाण कमी होते, पण ‘इतर हिंसक मृत्यू’ या संदिग्ध रकान्यातील प्रमाण त्याहून बरेच जास्त होते. त्यातले किती मृत्यू खरोखर आत्महत्या होते हे सांगता येत नाही. पण पहिल्या रकान्याकडेच पाहून ‘इथे प्रश्न नाही’ असे म्हणणे धोक्याचे आहे, एवढे नक्की.

आपल्याकडे नोंद एकूणच किती कमी होते याचा अंदाज २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासावरून येतो. त्यात पोलिसांच्या नोंदीवर न विसंबता घरोघर जाऊन मृत्यूच्या कारणांची चौकशी केली होती. २०१० साली भारतात सुमारे १,८७,००० आत्महत्या झाल्या असा अंदाज त्यातून निघाला. त्याच वर्षी पोलिसांकडील नोंद होती १,३४,५९९.

शिवाय आत्महत्या कशाला म्हणायचे हेही संस्कृती ठरवते. जैनांची संथारा ही प्रथा म्हणजे आत्महत्या, असे राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये म्हटले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. विनोबांनी १९८२ साली पवनार येथे स्वीकारलेल्या मृत्यूला मराठी माणूस ‘प्रायोपवेशन’ म्हणतो. एका परंपरेत जो शब्द लागू होतो तो दुसरीत होत नाही, तेव्हा धर्माधर्मांची तुलना करताना आपण एकच गोष्ट मोजतो आहोत ना, हे आधी पाहावे लागते.

माणूस कुठे राहतो?

आता आणखी एक महत्त्वाचे कारण पाहू. समजा, ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन जिल्हे आहेत. ‘अ’ मध्ये कोणत्याही धर्माच्या माणसांत आत्महत्यांचे प्रमाण लाखामागे २० आहे, ‘ब’ मध्ये ४ आहे. म्हणजे कोणत्याही जिल्ह्यात धर्माने काडीचाही फरक पडत नाही. ‘क्ष’ धर्माचे १ लाख लोक ‘अ’ मध्ये आणि ३ लाख ‘ब’ मध्ये राहतात. ‘य’ धर्माचे ३ लाख ‘अ’ मध्ये आणि १ लाख ‘ब’ मध्ये. मग ‘क्ष’ धर्मात २० अधिक १२ म्हणजे ३२ आत्महत्या, प्रमाण लाखामागे ८. ‘य’ धर्मात ६० अधिक ४ म्हणजे ६४, प्रमाण लाखामागे १६. धर्माचा काहीही संबंध नसताना एका धर्माचे प्रमाण दुसऱ्याच्या दुप्पट दिसू लागले!

भारतात नेमकी अशीच भौगोलिक विषमता आहे. २०२२ साली केरळचे प्रमाण लाखामागे २८.५ आणि तमिळनाडूचे २५.९ होते. उत्तर प्रदेशचे ३.५ आणि बिहारचे फक्त ०.६ होते. बिहारमधील बहुसंख्य लोक हिंदू आहेत, तरी हा आकडा मुस्लिमांच्या राष्ट्रीय सरासरीपेक्षा कितीतरी खाली आहे. त्यात नोंदीतील ढिलाईचा भाग मोठा असणार. पण सगळाच फरक नोंदीचा नाही, कारण वर उल्लेख केलेल्या घरोघरच्या चौकशीतही दक्षिणेतील चार राज्यांत देशाची सुमारे २२ टक्के लोकसंख्या आणि सुमारे ४० टक्के आत्महत्या असेच चित्र दिसले होते.

आता २०११ ची जनगणना पाहा. ही दक्षिणी राज्ये म्हणजे केरळ, तमिळनाडू, कर्नाटक आणि तेव्हाचा एकत्र आंध्र प्रदेश. देशातील हिंदूंपैकी सुमारे २१ टक्के, मुस्लिमांपैकी १७ टक्के आणि ख्रिस्ती लोकांपैकी ४६ टक्के या राज्यांत राहतात. उलट उत्तर प्रदेश आणि बिहार मिळून हिंदूंपैकी सुमारे २५ टक्के, मुस्लिमांपैकी ३३ टक्के आणि ख्रिस्ती लोकांपैकी २ टक्क्यांहून कमी राहतात. शिखांपैकी तीनचतुर्थांशाहून अधिक लोक पंजाबात आहेत आणि पंजाबचे प्रमाण देशाच्या सरासरीखाली असते.

एक ढोबळ हिशोब करू. दक्षिणेचे प्रमाण २०, उत्तर प्रदेश-बिहारचे २ आणि उरलेल्या देशाचे ११ असे गोळाबेरीज धरू. प्रत्येक विभागात सर्व धर्मांचे प्रमाण सारखेच आहे असेही गृहीत धरू. मग नुसत्या राहण्याच्या जागेमुळे हिंदूंचे प्रमाण १०.६, मुस्लिमांचे ९.६ आणि ख्रिस्ती लोकांचे सुमारे १५ येते. प्रत्यक्ष आकडे ११.३, ७ आणि १७.४ होते. म्हणजे ख्रिस्ती आणि हिंदू यांच्यातील बराचसा फरक भूगोलानेच समजतो. हिंदू आणि मुस्लिम यांच्यातील फरकाचा मात्र साधारण चौथा हिस्साच समजतो. बाकीचा उरतोच.

या उरलेल्या फरकात वयाचाही वाटा आहे. २०११ साली मुस्लिमांमध्ये २० वर्षांखालील लोक सुमारे ४७ टक्के होते, हिंदूंमध्ये सुमारे ४० टक्के. लहान मुलांमध्ये आत्महत्या अत्यंत कमी असतात. तेव्हा ज्या समाजात मुले जास्त, त्याचे सरासरी प्रमाण आपोआप खाली येते. त्यानंतर जे शिल्लक राहते त्यात नोंद लपवण्याचा भाग किती आणि धर्माच्या खऱ्या आधाराचा भाग किती, हे या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.

मग धर्माचा आधार खोटा का?

नाही. चेन्नईतील मनोविकारतज्ज्ञ लक्ष्मी विजयकुमार यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आत्महत्या केलेल्या १०० व्यक्तींची तुलना तशाच परिस्थितीतील १०० जिवंत व्यक्तींशी केली होती. देवावर श्रद्धा असणे हा धोका कमी करणारा एक घटक त्यात आढळला. जगात इतरत्रही असे निष्कर्ष अनेकदा निघाले आहेत. श्रद्धेमुळे दुःखाला अर्थ मिळतो, उपासनेमुळे दिवसाला आकार मिळतो, समूहामुळे चौकशी करणारी माणसे मिळतात आणि निषेधामुळे अगदी टोकाच्या क्षणी हात थबकतो. अशा क्षणी थोडा वेळ मिळणे फार मोलाचे असते, कारण तीव्र ऊर्मी पुष्कळदा काही वेळाने ओसरते.

पण याच निषेधाची दुसरी बाजूही आहे. २०२१ साली अमेरिकेत रानिया अवाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. आयुष्यात कधी आत्महत्येचा प्रयत्न केला होता का, असे निरनिराळ्या धर्मांच्या लोकांना विचारले होते. मुस्लिमांपैकी ७.९ टक्के, कॅथलिकांपैकी ६.१ टक्के, प्रॉटेस्टंटांपैकी ५.१ टक्के आणि ज्यूंपैकी ३.६ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटले. अमेरिकेतील मुस्लिम अल्पसंख्य आहेत, त्यांना भेदभाव सोसावा लागतो आणि मानसिक उपचार घेण्याबद्दल संकोचही असतो, अशी कारणे संशोधकांनी सुचवली. तिथले आकडे ठाकुर्लीला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण धर्माने निषेध केला म्हणजे मनात विचारच येत नाही, हे गृहीतक त्यांनी मोडीत काढले.

निषेध माणसाला थोपवू शकतो, तसाच तो त्याचे तोंडही बंद करू शकतो. ज्याच्या मनात असा विचार आला आहे त्याला वाटते, आपल्या मनात आले हेच पाप झाले, आता सांगायचे कोणाला? तो आईला सांगत नाही, मौलानांना सांगत नाही, शिक्षकांना तर नाहीच. म्हणजे ज्या जोडलेपणामुळे तो वाचू शकला असता, तेच लाजेमुळे तुटते. हिंदू, ख्रिस्ती, बौद्ध घरांतही ‘लोक काय म्हणतील’ याच मार्गाने नेमके हेच घडते.

कायद्याची भीती

मौनाचे आणखी एक कारण कायदा हे होते. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. पाकिस्तानातही इंग्रजी अमदानीतून आलेले असेच कलम होते, ते रद्द करणारा कायदा तिथे डिसेंबर २०२२ मध्ये झाला. तेव्हा ही शिक्षा इस्लाममधून आली असे समजणे चूक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ सालीच कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तसाच निर्णय दिला, पण १९९६ साली मोठ्या पीठाने कलम पुन्हा वैध ठरवले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला उपचार मिळावेत, अशी तरतूद केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ सारखे सर्वसाधारण कलम नाही. सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी असा प्रयत्न केला तर मात्र कलम २२६ खाली तो गुन्हा ठरतो. कायदा बदलला तरी पोलिसांची भीती घरोघरी अजून आहे. ‘रुग्णालयात खरे कारण सांगितले तर केस होईल’ असे वाटणाऱ्या पालकांना ही माहिती शिक्षकांनी जरूर द्यावी.

शाळेत काय करता येईल?

२०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी १३,०४४ विद्यार्थी होते. महाराष्ट्रातील एकूण नोंद २२,७४६, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. कारणांच्या रकान्यात सर्वांत वर कौटुंबिक समस्या आणि त्याखालोखाल आजारपण होते. ही कारणे कोणत्याही धर्माच्या घरात असू शकतात. शिवाय आत्महत्येला एकच एक कारण क्वचितच असते.

नेहमी बोलणारी मुलगी अचानक गप्प होणे, आवडीच्या गोष्टी सोडणे, जवळच्या वस्तू वाटून टाकणे, ‘मी नसलो तर बरे होईल’ असे म्हणणे, या खुणा दिसल्या तर विद्यार्थ्याशी एकांतात आणि शांतपणे बोलावे. ‘जगू नये असे वाटते का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने विचार मनात भरतो ही समजूत खरी नाही, उलट कुणीतरी विचारले याचा बहुधा दिलासा वाटतो. ‘तुझ्या धर्मात हे पाप आहे, माहीत आहे ना?’ हे वाक्य मात्र टाळावे. ते त्याला आधीच माहीत असते आणि त्या ओझ्यामुळेच तो गप्प असतो. ‘कुणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. विश्वासातल्या पालकाला आणि जाणत्या व्यक्तीला सांगावेच लागते. धोका जवळचा वाटला तर मुलाला एकटे सोडू नये. घरच्यांचा मशिदीतील इमामांवर, कीर्तनकारांवर किंवा पाद्रींवर विश्वास असेल तर त्यांची मदत घ्यावी, पण डॉक्टरांच्या जागी नव्हे, डॉक्टरांच्या जोडीने. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक वर्गाच्या फलकावर कायम लिहून ठेवावा.

वर्गात करून पाहा

१. ‘अ’ आणि ‘ब’ जिल्ह्यांचे उदाहरण विद्यार्थ्यांना आकडे बदलून सोडवायला द्या. दोन्ही धर्मांचे प्रमाण सारखे येण्यासाठी लोकसंख्येची वाटणी कशी हवी, ते त्यांना शोधू द्या.

२. एका डब्यात ९९ पांढरे आणि १ लाल मणी घ्या. एक मणी काढा, रंग लिहा, परत टाका. असे शंभर वेळा करा. प्रत्येक गटाला लाल मणी किती वेळा मिळाला याची तुलना करा. डबा सारखाच असूनही कुणाला शून्य, कुणाला तीन असे निकाल येतील. लहान वस्त्यांच्या आकड्यांत हेच होत असते.

३. वृत्तपत्रातील ‘अमुक समाजात तमुक प्रमाण जास्त’ अशी कोणतीही एक बातमी घ्या. विषय साक्षरता, अपघात किंवा आजार असा असावा. नोंद कोणी केली, कोणत्या नोंदी निसटल्या असतील, ते लोक कुठे राहतात आणि त्यांची वये काय आहेत, हे चार प्रश्न तिला लावून पाहा.